अडत्याकडील येणे व कायद्याचा आधार

सन २०२५ च्या श्रावणात आम्ही मलकापुरास एका सभासद मित्राच्या ओसरीवर बसलो असता कडवी खोऱ्यातील एक वयोवृद्ध शेतकरी तेथे आले. हातात पत्र्याची लहान पेटी होती. तिच्यातून त्यांनी चार कागद काढून आमच्यापुढे मांडले. सन २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या गुऱ्हाळावर निघालेला गूळ चार खेपांनी कोल्हापुरास एका अडत्याकडे गेला होता, त्याच्या त्या पट्ट्या होत. उचल वजा जाता २,७०,००० रुपये येणे राहिले होते. दोन कागद शिसपेन्सिलीने लिहिलेले, तिसऱ्यावर सही नाही, चौथ्यावर पेढीचे नाव छापलेले पण तारखेची जागा कोरी. 'पैसे मागितले नाहीत काय?' असे विचारता ते म्हणाले, "मागतोय की. त्यो कधी न्हाई म्हनत न्हाई. दीतो म्हनतोय."

ह्या एका वाक्यात आमच्या भागातील शेकडो घरांची कथा आली. जो उघड नाकारतो त्याच्याविरुद्ध मनुष्य दाद मागावयास धावतो. जो 'देतो' म्हणतो त्याच्या दारी मात्र तीन-तीन वर्षे खेपा घालतो. आणि कायद्याने दिलेली मुदत नेमकी तीनच वर्षांची आहे. त्या दिवशी हिशोब करून पाहिला, तेव्हा पहिल्या खेपेची मुदत संपण्यास जेमतेम पाच महिने उरले होते.

येणे वसूल करण्याच्या कायद्यांवर आम्ही ह्या मासिकात आजवर फारसे लिहिले नाही. बियाणे, खते, कीड ह्यांवर लिहिले. कारण शेतकरी म्हणजे पिकविणारा, विकणे हे त्याच्या धंद्याचे शेपूट, अशी आमचीही समजूत होती. परंतु ज्या दिवशी गुळाचे रवे गाडीत चढतात व पैसे मागाहून यावयाचे ठरतात, त्या दिवसापासून तो शेतकरी कायद्याच्या दृष्टीने धनको व व्यापारी ऋणको होतो. कुळकायदा येथे कामास येत नाही; मालविक्रीचा १९३० चा कायदा, कराराचा १८७२ चा कायदा व त्यांवर राज्याने उभारलेली बाजाराची व्यवस्था, हीच त्याची ढाल.

शाहूवाडी तालुक्याची परिस्थिती थोडी निराळी आहे, ती प्रथम सांगितली पाहिजे. मलकापूर हे तालुक्याच्या घडामोडींचे मुख्य ठाणे, कोल्हापुराहून रत्नागिरीस आंबा घाटाने जाणाऱ्या रस्त्यावरचे. डोंगराकडे भात व नाचणी. कडवी, कासारी व वारणा ह्या नद्यांच्या काठाने ऊस. ऊस कारखान्यास घातला तर एक न्याय, गूळ करून पेठेत नेला तर दुसरा, असे येथे शेजारच्या दोन बांधांवर दिसते. एकाच सरीतल्या उसाची ही दोन नशिबे कायद्याने कशी केली, ते पाहण्यासारखे आहे.

कारखान्यास ऊस घालणाऱ्याच्या पाठीशी केंद्र सरकारचा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत दर चुकता झाला पाहिजे. न झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. आणि थकलेली रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करण्याची तरतूद. शेतकऱ्याने दावा लावावयाचा नाही, वकील द्यावयाचा नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हा दर दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांस दिली होती. त्याविरुद्ध राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले व मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. म्हणजे १४ दिवसांच्या ह्या हक्कासाठी भांडणाराही कोणी होता. गूळवाल्याच्या वाट्याला ह्यांपैकी काहीच नाही. त्याला चौदा दिवस नाहीत, पंधरा टक्के नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांची जप्ती नाही. त्याच्याजवळ आहे ती फक्त पट्टी. आणि ती पट्टी शिसपेन्सिलीने लिहिलेली!

गुळाला मुळी बाजारच नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसविली, ती मुख्यत्वे गुळाच्या व्यापारासाठी. ह्या पेठेमुळे कोल्हापुरी गुळाचे नाव गुजरातेपर्यंत गेले. २०१४ साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु पेठ असणे निराळे व पेठेत विकणाऱ्यास न्याय मिळणे निराळे. पूर्वी पुष्कळ बाजारांत रुमालाखाली बोटे धरून सौदा होई. भाव काय ठरला हे दलाल व खरीददार दोघांनाच कळे. माल ज्याचा, तो शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत राही. ह्यावर पहिला मोठा इलाज वऱ्हाडात झाला: १८९७ चा कापूस व धान्य बाजारांचा कायदा. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा आला. पुढे १९२८ च्या शाही शेतकी कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली व १९३९ साली मुंबईचा शेतमाल बाजार कायदा झाला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्यात ठिकठिकाणी निरनिराळे असलेले हे सर्व कायदे गोळा करून महाराष्ट्राने १९६३ साली एकच कायदा केला. आजची बाजार समिती त्याच कायद्याचे अपत्य.

तंटा मिटविण्याचा विचार त्याहूनही जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे जाळले, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. त्यांचा राग मनुष्यांपेक्षा कागदांवर अधिक होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांत लागू झाला. त्यात न्यायाधीशास रोख्याच्या पाठीमागे जाऊन खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला होता व दाव्यापूर्वी समेट घडविणारे सलोखेदारही नेमले होते. संस्थानी मुलूख म्हणून आमच्या भागास तो लागू नव्हता. पण त्यातले तत्त्व फुकट गेले नाही: शेतकऱ्यास लिहिता येत नाही म्हणून लिहिणाऱ्याचेच खरे धरू नये, आणि कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी एखादी सोपी पायरी असावी.

ती सोपी पायरी १९६३ च्या कायद्याच्या दहाव्या कलमात आहे. विकणारा, घेणारा व त्यांचे मुखत्यार ह्यांच्यामधील मालाची प्रत, वजन, पैशाचा भरणा इत्यादींविषयीचे तंटे बाजार समितीच्या व्यवस्थेतील मंडळापुढे लवादाने मिटविण्याची सोय त्यात आहे व त्या निर्णयावर अपिलाचीही वाट आहे. समितीच्या हाती दुसरे एक शस्त्र आहे. अनुज्ञप्तीवाचून बाजारक्षेत्रात व्यापार करता येत नाही, आणि गैरवर्तन करणाऱ्याची अनुज्ञप्ती स्थगित किंवा रद्द करता येते. ज्या व्यापाऱ्यास दिवाणी कोर्टाच्या दाव्याने झोप मोडत नाही, त्याला हंगामाच्या तोंडावर अनुज्ञप्ती जाण्याची भीती पुरेशी असते. हे आम्ही अनुभवाने सांगतो. नियमांचा रोख माल ताब्यात गेला की पैसे चुकते व्हावे असाच आहे. उधारी ही चाल आहे, कायदा नव्हे.

मात्र समितीचा हात तिच्या कक्षेपलीकडे पोहोचत नाही. गुऱ्हाळाच्या दारात टेम्पो लावून रोख भावाच्या गोडीने माल उचलणारा, ज्याची ना अनुज्ञप्ती ना पेढी, त्याच्याविरुद्ध समिती काय करणार? बाजार आवाराबाहेर होणाऱ्या फळे व भाजीपाल्याच्या विक्रीवरील समितीचे नियमन तर राज्याने २०१६ साली उठविलेच आहे. नाशिक भागात द्राक्षे व कांदा घेऊन पसार झालेल्या व्यापाऱ्यांविरुद्ध २०२० साली पोलिसांना मोहीम उघडावी लागली. पोलिसांकडे जाणे हा शेवटचा उपाय होय, आणि तो दर वेळी लागूही पडत नाही. केवळ पैसे थकले एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही, प्रथमपासून बुडविण्याचा हेतू होता असे दाखवावे लागते. क्विंटलमागे शंभर रुपये अधिक देतो म्हणणाऱ्यास माल घालण्यापूर्वी त्याची अनुज्ञप्ती पाहावी; ते शंभर रुपये बहुधा ती नसल्याचीच किंमत असते.

आता मुदतीविषयी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या व ताब्यात दिलेल्या मालाची किंमत मागण्याची मुदत, उधारीचा काळ ठरलेला नसल्यास, माल दिल्या दिवसापासून तीन वर्षे. उधारीचा काळ ठरला असल्यास तो संपल्यापासून तीन वर्षे. अडत्या हा विकणाऱ्याचा मुखत्यार आहे, म्हणून त्याने हिशोब देण्याचे नाकारल्यापासून मुदत मोजावी, असा युक्तिवाद वकीलमंडळी करतात. करोत. आपण त्याच्या भरवशावर झोपू नये. तोंडच्या 'देतो' ने मुदत एक दिवसही वाढत नाही. परंतु मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने येणे कबूल असल्याचे लिहून सही केली, तर त्या सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षे सुरू होतात. थोडा भरणा झाला व त्याची नोंद भरणा करणाऱ्याच्या हातची किंवा सहीची असली, तरी तसेच. मुदत उलटून गेल्यावरही, जुने येणे देण्याचे वचन त्याने लिहून सहीनिशी दिले तर कराराच्या कायद्याचे पंचविसावे कलम ते वचन बंधनकारक मानते. पण मुदत गेल्यावर असे वचन लिहून देण्याइतका भोळा व्यापारी आम्ही अद्याप पाहिला नाही. तेव्हा दिवाळीच्या सुमारास जेव्हा पेढ्यांवर खाती मिटवितात, त्याच वेळी 'बाकी इतकी, मान्य' एवढ्या दोन शब्दांवर तारीख व सही घ्यावी. मागताना संकोच वाटतो खरा. पिढ्यान् पिढ्यांची पेढी, लग्नकार्यात हक्काने उभी राहणारी माणसे! परंतु व्यापारी आपसांत हेच करतात व त्यात कोणी कोणावर रुसत नाही.

पुराव्याची गोष्ट थोडी बारकाईने सांगतो. पुष्कळांस वाटते की अडत्याच्या खतावणीत जे लिहिले ते ब्रह्मलिखित. तसे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात, जुन्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणेच, असे सांगितले आहे की धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात येते, परंतु केवळ तेवढ्यावर कोणावर देणे बसविता येत नाही. हा नियम दुधारी आहे. अडत्याने आपल्या वहीत 'उचल ५०,०००' असे लिहिले म्हणून तेवढ्याने ती आपल्यावर बसत नाही. तद्वत् आपण आपल्या वहीत 'येणे २,७०,०००' लिहिले म्हणून तेवढ्याने ते त्याच्यावर बसत नाही. दुसरा आधार लागतो: काट्याची वजनपावती, समितीच्या आवारात गाडी आल्याची नोंद, सौद्याची चिठ्ठी, वाहतुकीची पावती, बँकेचा उतारा. आता बोलणी मोबाईलवर होतात. तेथील निरोपही पुराव्यात येतात, मात्र त्यासाठी कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावे लागते व मूळ फोन जपावा लागतो. त्या वृद्ध गृहस्थांच्या मुलाने जुना फोन विकून टाकला होता.

व्यापाऱ्याने धनादेश दिला व तो परत आला तर वाट निराळी व अधिक जलद आहे, पण तिच्यावर दिवस मोजून चालावे लागते. धनादेश परत आल्याची वार्ता बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर त्यास १५ दिवस. तेवढ्यात पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात फौजदारी न्यायालयात फिर्याद. 'पुन्हा एकदा बँकेत घालून पाहा' असे गोड शब्दांत सांगून हे दिवस घालविणारे पुष्कळ आहेत.

आणि दिवाणी दावाच करणे प्राप्त झाले तर कोणत्या कोर्टात? मलकापुरास दिवाणी न्यायालय आहे म्हणून दावा तेथेच लागेल असे समजू नये. प्रतिवादी जेथे राहतो वा धंदा करतो, अथवा दाव्याचे कारण जेथे सर्वस्वी किंवा अंशतः घडले, तेथे दावा चालतो. माल गुऱ्हाळावर विकला व ताबा तेथेच दिला तर मलकापूर म्हणता येईल. माल कोल्हापूरच्या पेठेत सौद्यात विकला तर बहुतकरून कोल्हापूरच. त्यातही पट्टीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते: सर्व तंटे अमुक शहराच्या न्यायालयाच्या कक्षेत. दोन न्यायालयांपैकी एक पक्षकारांनी करारानेच निवडले असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांप्रमाणे ती निवड बंधनकारक होते. ज्या गावाचा व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही, त्या गावाच्या कोर्टास मात्र अशा ओळीने अधिकार येत नाही. गुजरातच्या खरीददारास थेट माल घालणाऱ्यांनी ही ओळ सही करण्यापूर्वी वाचावी. दोन लाखांसाठी अहमदाबादेच्या तारखा कोण करणार?

दुसरी गोष्ट बहुतेकांस ठाऊकच नाही. व्यापारी न्यायालयांचा २०१५ चा कायदा मूळ एक कोटी व त्यावरच्या तंट्यांसाठी होता. २०१८ साली ती मर्यादा तीन लाखांवर आणली गेली. मालविक्रीच्या कराराचे तंटे त्याच्या व्याख्येत असल्याने गुळाचे येणेही त्याखाली येऊ शकते. पैशाच्या दाव्यात दाखल करण्याच्या दिवसापर्यंतचे व्याज धरून ही किंमत मोजतात. वरील गृहस्थांचे मुद्दल २,७०,००० असले तरी अडीच वर्षांचे १२ टक्क्यांनी व्याज ८१,००० होऊन मागणी ३,५१,००० वर जाते, व दार बदलते! त्या दाराशी प्रथम मध्यस्थी करावी लागते. तातडीच्या हुकुमाची गरज नसेल तर तिच्यावाचून दावा दाखलच होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पक्के केले. ही मध्यस्थी जिल्हा विधि सेवा प्राधिकरणामार्फत होते, तिच्यात गेलेला काळ मुदतीत मोजत नाहीत, व तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याचे बळ येते. पुढे दावा चालला तर प्रतिवादीने १२० दिवसांत कैफियत दिली नाही तर त्याचा तो हक्कच जातो. वर्षानुवर्षे 'कैफियतीस मुदत' मागणाऱ्यांची ह्या एका नियमाने चांगलीच अडचण केली आहे.

खर्चाचे म्हणाल तर कोर्ट फी हा राज्याचा विषय. महाराष्ट्राने २०१८ साली तिची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाखांवर नेली. आमच्या वाचकांचे दावे त्या कमाल मर्यादेच्या आसपासही जात नाहीत, पण खालच्या पायऱ्यांवरही फी लागतेच. लोकअदालतीत तडजोड झाल्यास भरलेली फी परत मिळते व त्या निवाड्यावर अपील नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील मंडळी, तसेच उत्पन्नाच्या मर्यादेखालील कोणीही, ह्यांस वकील सरकारखर्चाने मिळतो. शेत ज्यांच्या नावावर आहे अशा आमच्या भगिनी किती, आणि त्यांपैकी ही सवलत मागितली कोणी?

कोर्टाचे दार बंद करून शेतकऱ्यास जलद न्याय देता येईल, असे मानणारेही आहेत. २०२० च्या केंद्रीय शेतमाल व्यापार कायद्यात त्याच दिवशी किंवा फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे देण्याचे बंधन होते, हे त्याचे गुण. परंतु तंटा प्रांताधिकाऱ्यांकडे न्यावयाचा व दिवाणी न्यायालयाने त्यात पडावयाचे नाही, असे त्यातच लिहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या अंमलास स्थगिती दिली व त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने तो रद्द केला. तीन दिवसांचे बंधन राज्याच्या कायद्यात गुळासाठी आणावे व न्यायालयाचे दारही उघडे ठेवावे, असे आमचे मत आहे. उसास १४ दिवस मिळू शकतात तर गुळास का नाहीत, ह्याचे उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही.

उचलीविषयी लिहिल्यावाचून हा लेख पुरा होत नाही. अडत्याची उचल हीच बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या मौनाचे कारण असते. हंगामाआधी मजुरांसाठी, काहिलीसाठी घेतलेले पैसे. त्यावर व्याज किती हे विचारले जात नाही. महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा मुद्दलाहून अधिक व्याज घेऊ देत नाही, म्हणजे जुने दामदुपट. व बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत देववितो. पण व्यापाऱ्याने आपल्या धंद्याच्या नित्य ओघात सद्भावाने दिलेली आगाऊ रक्कम त्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे, आणि अडत्याचा वकील पहिल्या तारखेस तेच वाक्य वाचतो. तेव्हा उचल घेतानाच रक्कम, तारीख व व्याजाचा दर कागदावर यावा. दर लिहिलेला नसेल तर पट्टीतून कापले जाणारे व्याज कशाचे, हे विचारण्याचा आपणांस हक्क आहे.

आता त्या गृहस्थांकडे. त्यांच्या चारही कागदांच्या जोडीस आम्ही काट्याच्या पावत्या शोधविल्या. दोन सापडल्या, तिसरी गाडीवाल्याच्या वहीत निघाली. अर्ज समितीकडे दिला व त्याची एक प्रत अडत्यास नोंदणी टपालाने पाठविली. आठ दिवसांत पेढीवरून बोलावणे आले. पुष्कळ बोलाचाली झाल्या, उचलीच्या व्याजावरून एकदा सगळे मोडलेच होते. अखेर दिवाळीपूर्वी १,५०,००० बँकेत जमा झाले व उरलेल्या रकमेच्या कबुलीवर अडत्याची सही व तारीख पडली. व्याज सुटले. ते सोडू नये असे आमचे म्हणणे होते. परंतु घरात लग्न होते, आणि निर्णय त्यांचा होता.

ह्याच सुमारास, १८ ऑगस्ट २०२५ पासून, मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाले होते. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या सहा जिल्ह्यांच्या अपिलांस आता मुंबईची वाट धरावी लागत नाही. हे आम्ही त्यांस सांगितले, तेव्हा ते हसले व म्हणाले, "तितपतूर कशाला नेताय? पट्टी शाईनं लिवून दे म्हटलं की झालं." ह्या हंगामातील पहिली खेप घालून आल्यावर त्यांनी मुद्दाम मलकापुरास येऊन पट्टी दाखविली. तारीख, वजन, भाव, अनुज्ञप्तीचा क्रमांक, सही, सर्व शाईने. मुनीमाने प्रथम कुरकुर केली होती, असे ते म्हणाले.